दोन रेघांचा निकाल

नवरा हसत घरी येतो याचं कधी कुणाला दुःख होतं का? सुईवालीला झालं. लॅबमध्ये तिला सगळे सुईवालीच म्हणत, कारण तिने रक्त काढलं तर तान्हं मूलसुद्धा रडत नसे.

एकुलती लेक तापाने गेली, त्याला चौदा महिने झाले होते. तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलणं. आणि गेल्या महिन्यापासून हा बाबा सकाळी पळायला जातो काय, येऊन दोघांचं एकटा खातो काय, वर गुणगुणतो काय! गुडघ्याची जुनी तक्रारही बंद.

नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. गांजाशिवाय तिला दुसरं काही सुचेना. तो क्रेन चालवायचा; कामावर कधीही अचानक तपासणी होई आणि सापडला की नोकरी गेलीच. म्हणून आधी आपणच बघावं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. खिसे झाले, बूट झाले, शर्टाचा वास घेऊन झाला. शेवटी "साखर बघायचीय" म्हणत तिने लघवीची बाटली त्याच्या हातात दिली. त्याने निमूट भरून आणली. इतका निमूटपणा तिला जास्तच संशयाचा वाटला.

लॅबमध्ये तिने गांजा तपासायची पट्टी त्यात बुडवली. एकच रेघ उमटली तर माणूस सापडला, दोन उमटल्या तर सुटला. दोन उमटल्या. तिने दुसरी पट्टी काढली, मग नव्या खोक्यातली तिसरी.

"एवढी खातरजमा कुणाची चाललीय?" मागे लॅबच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

ती थाप मारायला गेली आणि सगळं खरं सांगून बसली.

"अगं, गांजा मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे कुलपांवर, जाऊन बसतो ना, ते काही गांजासाठी ठेवलेले नसतात," बाई म्हणाल्या. "कुलपं आपली आणि किल्लीही शरीर घरीच घडवतं. लागेल तेव्हा घडवायची, काम झालं की मोडून टाकायची. बराच वेळ पळलं की जास्त घडते. दुखणं कमी होतं, जीव हलका होतो. पट्टीला ती दिसत नाही, पट्टी फक्त बाहेरून आलेला माल पकडते."

"म्हणजे यांनी काहीच घेतलं नाही?"

"काही नाही. पळतोय बिचारा."

तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट एकच रेघ आली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. नशेत बाप लेकीला विसरला असता तर तिला समजलं असतं. शुद्धीत कसा विसरला?

संध्याकाळी त्याने विचारलं, "साखर किती निघाली?"

"साखर बघितलीच नाही. तुम्ही गांजा ओढता का, ते बघितलं."

"मग? ओढतो का?"

"नाही."

"बरं झालं, कळलं."

"चेष्टा नको. हसू कुठून येतं तुम्हाला? पळताना तिची आठवण येत नाही?"

"तिथेच येते," तो म्हणाला. "घरात तिचं नाव काढलं की तू उठून आत जातेस. म्हणून पळतो. आधी अर्धा तास नुसतं दुखतं. मग दुखणं उतरतं, तेव्हा तिच्याशी बोलतो. आज तिने केलेली तुझी नक्कल आठवली. पेन्सिल सुईसारखी धरून बाहुलीला दटावायची ना, ती."

सुईवाली अर्धवट उठली होती. ती पुन्हा खाली बसली.

"काय म्हणायची बाहुलीला?" तिने विचारलं.