टाटपट्टीचा हेवा करणारी खुर्ची

मित्रांनो, काशीत रामघाटाच्या गल्लीत आपली मराठी शाळा आहे ना, तिथल्या हेडमास्तरांची मी खुर्ची. लाकूड शिसवीचं, बैठक वेताची आणि स्वभाव, लपवून काय उपयोग, पहिल्यापासून मत्सरी.

सुताराने मला आणून ऑफिसात विलायतेच्या बादशहाच्या तसबिरीखाली ठेवलं, तेव्हा सगळे मास्तर वाकून बघत होते. मला वाटलं, या शाळेत आता माझ्यापेक्षा मोठं कुणी नाही. चारच दिवसांत माझा तोरा उतरला. शेजारच्या वर्गातून पोरांचं खदखदून हसणं ऐकू यायचं. तो दिनानाथ मास्तरांचा गणिताचा वर्ग होता. त्यांना खुर्ची लागतच नसे. पोरांना पंचगंगा घाटावर नेऊन ते पायऱ्या मोजायला लावत, एका नावेत इतकी माणसं तर सात नावांत किती, असं विचारत. परत येताना पोरं त्यांच्या उपरण्याला लोंबकळत. माझ्यासमोर पोरं यायची ती फक्त छड्या खायला. मग मी का जळू नये?

माझ्याइतकंच आणखी एक जण जळत होतं. आमचे हेडमास्तर विश्वेश्वरपंत. ते वाईहून नुकतेच आले होते. संस्कृतात पक्के, त्रैराशिकात कच्चे, आणि हे कुणाला कळेल की काय म्हणून सदा धास्तावलेले. कुणी मास्तर दारात आला की त्यांचे तळहात घामाने माझ्या हातांना चिकटत, म्हणून मला ठाऊक. ते कुणाला ‘बसा’ म्हणत नसत. वर्गात जात नसत, दाराआडून कान देत. हळूहळू सगळे मास्तर त्यांच्यासारखेच भित्रे झाले. लहानग्यांना गोष्टी सांगून अक्षरं शिकवणाऱ्या सीताबाई आता खाली मान घालून पुस्तक वाचू लागल्या. नवा खडू हवा असला तरी चिठ्ठी लिहून परवानगी मागायची पद्धत पडली. मला ते फार आवडलं. सगळी शाळा माझ्यासमोर हात बांधून उभी होती.

मग एक दिवस डिप्टीसाहेब तपासणीला आले. लखनौकडचे गृहस्थ. जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं, ‘गणित के अध्यापक दिनानाथ जी की चेष्टा उल्लेखनीय है।’

विश्वेश्वरपंतांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. सगळ्यांना बोलावून ते गरजले, “डिप्टीसाहेबांसमोर चेष्टा? तीसुद्धा अशी, की त्यांना लिहून ठेवावी लागली?”

“हेडमास्तर, हिंदीत त्याचा मतलब...” दिनानाथ मास्तरांनी तोंड उघडलं.

“पुरे! आता मला भाषा शिकवणार?”

मित्रांनो, आपण चेष्टा म्हणतो थट्टेला. हिंदीत मात्र चेष्टा म्हणजे प्रयत्न. साहेबांनी कौतुक केलं होतं! तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, सगळे काशीतच वाढलेले. पण जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. दिनानाथांचा वर्ग गेला. त्यांना ऑफिसच्या कोपऱ्यात पुस्तकांचं कपाट सांभाळायला बसवलं. मला तोंड नाही. पण असतं तरी मी बोलले नसते. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

तीन वर्षं ते त्या कोपऱ्यात बसले. भिंतीपलीकडे एखाद्या पोराचा पाढा चुकला की त्यांचे ओठ हलत. मग ते मुकाट्याने पुस्तकांवरची धूळ झटकत.

विश्वेश्वरपंत निवृत्त होऊन गावी गेले आणि कोल्हापूरहून शिवरामपंत आले. पहिल्याच दिवशी उभ्याउभ्याच ते मास्तरांना म्हणाले, “इथली हिंदी मला अर्धीमुर्धी कळते. गणितही बेताचंच आहे. माझं चुकलं तर तिथल्या तिथे टोका.” एवढं बोलून ते थेट सीताबाईंच्या वर्गात गेले आणि मागे पोरांत जाऊन टाटपट्टीवर मांडी घालून बसले.

टाटपट्टीवर! शाई सांडलेल्या, कडा उसवलेल्या त्या गोणपाटावर! रोज सकाळी मला पुसत आणि रोज मी रिकामी राही. माझा जीव नुसता जळत होता. सीताबाईंच्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या, चिठ्ठ्या बंद झाल्या. माझ्यासमोर थरथरत उभं राहायला कुणी उरलं नाही.

महिन्याभराने शिवरामपंतांनी जुनं शेरेबुक उघडलं आणि बुचकळ्यात पडून विचारलं, “दिनानाथराव, तुम्ही कुणाची थट्टा केली होती?”

दिनानाथ उगाच पुस्तकांवरची धूळ झटकू लागले. खडू न्यायला आलेल्या सीताबाई दारातच थबकल्या.

“थट्टा नव्हे हो,” त्या म्हणाल्या. “हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश. साहेबांनी तारीफ केली होती यांची.”

“अरेच्चा, म्हणजे मीही फसलो की!” शिवरामपंत मोठ्याने हसले. मग हसू थांबवून त्यांनी विचारलं, “पण हे तेव्हा कुणीच कसं बोललं नाही?”

“कुणाची हिंमत होती? मीपण चूप बसले.” सीताबाईंचे डोळे भरून आले. “माफ करा, दिनानाथभाऊ.”

शिवरामपंतांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि दिनानाथांपुढे ठेवलं. “बसा.”

“तुमच्या खुर्चीवर?”

“खुर्ची शाळेची आहे. बसा, आणि सांगा, पोरांना घाटावर कधी न्यायचं? मीही येतो. मलाही त्रैराशिक शिकायचं आहे.”

दिनानाथ माझ्या अगदी कडेला टेकले. ज्या माणसावर मी इतकी वर्षं जळले, तो इतका हलका असेल असं मला वाटलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग घाटावर निघाला. पुढे दिनानाथ, पाठीमागे हेडमास्तर. पोरांचं हसणं गल्लीतून दूर जात राहिलं आणि मी तसबिरीखाली एकटी उरले. तेव्हाही मला हेवा वाटला. पण त्यांचं वाईट व्हावं असं मनात आलं नाही, मला त्यांच्याबरोबर जायचं होतं.

आता भिंतीवरचा बादशहा बदलला आणि माझा वेतही फाटला. मला अडगळीत टाकायचं चाललं आहे म्हणे. मित्रांनो, तेवढं करू नका. माझी बैठक पुन्हा विणून घ्या. पण मला ऑफिसात ठेवू नका. वर्गात मागे नेऊन ठेवा, त्या टाटपट्टीच्या शेजारी.