देवेशने विकलेला लॅपटॉप

"चोर आसस तू!" मी फोनवर ओरडले. कसालच्या देवेशकडून घेतलेल्या जुन्या गेमिंग लॅपटॉपचा स्क्रीन दोन महिन्यांतच लुकलुकायला लागला होता. टीव्हीला जोडला की चित्र स्वच्छ. म्हणजे खोट स्क्रीनमध्ये, नाहीतर त्याच्या वायरीत. "माका फसयलंस!"

"बिजागरी उघडून बघ गो, वायर तिथूनच जाता," तो म्हणाला.

फोन स्पीकरवर टाकून, त्याला शिव्या घालतच मी स्क्रू काढले. वायरीच्या टोकाला हिरवा गंज होता. भोवती मीठ, आणि मोहरीचे चार दाणे.

लॅपटॉप घरी आला त्या दिवशी आईने मीठ-मोहरी ओवाळून त्याची दृष्ट काढली होती. तिच्या मुठीतून थोडं सांडलंही होतं. दृष्ट काढच, असा हट्ट माझाच.

"काय गावला गो?" देवेशने विचारलं.

"फोन ठेव!" मी त्याच्यावरच ओरडले.