पिवळ्या तापाचं कार्ड

केनियाच्या जंगलातून आम्ही परवा आखातात, खलिफा सिटीत घरी आलो. बुटांना तिथली लाल माती अजून तशीच होती. आज दुपारी कराडहून सोमनाथदादाचा फोन आला. आई गेली.

"बर्फावर ठेवलीय," तो म्हणाला. "तू ये. तुझ्यासाठी थांबतो."

रडू आलं नाही. मी अंगणातल्या नळाखाली बूट धुतले, मग बॅग भरली.

विमानतळाच्या काउंटरवर मुनीर नावाचा पोरगा होता, श्रीवर्धनचा. आमचं आडनाव वाचून मराठीवर आला. पासपोर्टची पानं उलटता उलटता केनियाच्या शिक्क्यावर थांबला.

"ताई, यलो फीवरची लस घेतल्याचं कार्ड?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. विघ्नेश छताकडे बघत होता. जायच्या आधी मी इंजेक्शनसाठी मागे लागले होते. तेव्हा साहेब मित्रांसमोर म्हणाले, "सिंहाने सोडलं तर मच्छर खाणार होय तुला?" सगळे हसले. मीही हसले, झक मारली.

"नाही कार्ड."

"मग मुंबईत उतरल्यावर वेगळं ठेवतील. आफ्रिकेतून निघाल्यापासून सहा दिवस. बोर्डिंग देतो मी, पण तिकडे घरी नाय सोडणार." मग हळूच म्हणाला, "काय तातडीचं होतं?"

"आई वारली."

त्याने पासपोर्ट मिटला आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवला.

आता विघ्नेशला कंठ फुटला. "हबीबी, कुछ तो होगा. मॅनेजर को बुलाओ ना." मराठी पोराशी हिंदीत.

"भाऊ, मॅनेजर काय करणार? डॉक्टर तिकडे मुंबईत बसलेत."

समिधाने माझी बाही ओढली. "मम्मा, आर वी गोइंग ऑर नॉट?"

जंगलात आम्ही रोज सकाळी पायी फिरायचो. पुढे बंदूकवाला, मागे आम्ही रांगेत. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, काहीही समोर आलं तरी पळायचं नाही, जागच्या जागी थांबायचं. एकदा झुडपातून हत्तीण निघाली. मी थांबले. विघ्नेश माझ्या मागे होता, माझी ओढणी मुठीत धरून. तेव्हा निदान छाती धडधडली होती. आता तेही नाही. बुटांची माती कशाला धुतली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दादाला फोन लावला.

"दादा, थांबू नकोस. घेऊन जा तिला."

"अगं, सकाळपर्यंत पोचशील की!"

"नाही पोचणार."

"डोकं फिरलंय का तुझं? आईचं तोंड नाही बघायचं?"

"बघायचंय. माझ्याकडे कार्ड नाही."

"कसलं कार्ड?"

मी फोन विघ्नेशच्या हातात दिला.

"घे, सांग दादाला. आणि तो सिंहाचा जोकपण सांग."

तो फोन कानाला लावून उभा राहिला. पलीकडून दादाचं 'हॅलो, हॅलो' मलाही ऐकू येत होतं.