शेवटचा वेढा

मी एक जुने रेखनयंत्र आहे, मित्रांनो. दोन लहान मोटारी, दातेरी चक्रे, एक फिरती तबकडी आणि लेखणी धरणारा लांब दांडा, एवढाच माझा देह. आता दांडा वाकला आहे आणि मोटारी मुक्या आहेत.

मला घडवले ते एका आरेखकाच्या कन्येने. नकाशे रेखाटण्यात त्याचा हातखंडा होता. मुलीचा हात मात्र जन्मतःच किंचित कापे. तिच्या प्रत्येक वर्तुळावर तो भिंग धरी आणि रेषा रेषेला मिळते तो सांधा शोधी. सांधा दिसला की कागद फाटलाच. "वर्तुळ काढलंस की बटाटा?" हा त्याचा ठरलेला आशीर्वाद.

अखेर तिने हाताची आशा सोडली आणि बुद्धीची कास धरली. मोडक्या प्रिंटरमधून मोटारी काढल्या, बोटे पोळून घेत तारांना डाख दिला. चक्रांचे दाते असे योजले की पाकळीवर पाकळी उमलत जावी आणि शेवटच्या वेढ्यात लेखणी नेमकी आरंभबिंदूवर परतावी.

माझी पहिली आकृती तिने वडिलांपुढे निमूटपणे ठेवली. भिंग पुष्कळ हिंडले. सांधा सापडेना.

"हात बसला म्हणायचा," तो पुटपुटला.

"दादा, जरा मोठ्यानं म्हण की! जीभ झिजेल का?" शेजारी बसलेली आत्या म्हणाली.

याच एका वाक्यासाठी मुलीने जन्म पणाला लावला होता. ते खोटेपणाने घेणे मात्र तिला साधेना.

"अप्पा, हात नाही, यंत्र आहे. मी केलंय!" असे म्हणून तिने मला त्याच्या मेजावर आणून सुरू केले. त्याला दुप्पट आनंद होईल, असे त्या वेडीला वाटले.

शेवटचा वेढा उरला असता त्याने तबकडीवर अंगठा दाबला. मोटार कण्हली, दाते निसटले, दांडा वाकला आणि कागदावर आडवा ओरखडा उठला.

"आता कसं," तो हसला, "तुझ्या हातचं वाटतंय."

ती रडली नाही. माझ्या तारा तिने स्वतःच उपटल्या आणि मला उंच फळीवर ठेवून दिले.

वर्षे लोटली. वार्धक्याने त्याचाही हात कापू लागला. एके दिवशी माझ्या फळीखाली उभा राहून त्याने विचारले, "हे चालेल का गं पुन्हा?"

"कशाला, अप्पा? हातानंच काढा की," ती शांतपणे म्हणाली. "बटाटा निघेल, एवढंच."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणाचा शेवटचा वेढा पुरा होत असेल, तर तेवढा वेळ अंगठा आवरा. ओरखडा कागदावर थांबत नाही; तो हातातून हातात जातो.