जिथं कुणीच नसतं असं बेट

दीपमालाची नवऱ्याबद्दल एकच तक्रार होती, आणि ती ऐकून लोक हसायचे. सुदर्शनला कुणालाच नाही म्हणता यायचं नाही.

बिडकीनजवळच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. पण गारखेड्यातल्या त्यांच्या सोसायटीला तो आपलाच नोकर वाटायचा. कुणाची पाण्याची मोटर बिघडली, कुणाच्या सासूला दवाखान्यात न्यायचं आहे, की हा चप्पल घालून तयार. बायका म्हणायच्या, "वहिनी, नशीबवान आहात हो." नशीबवान वहिनी तेव्हा झाकून ठेवलेली भाजी पुन्हा गरम करत असायची.

मागच्या हिवाळ्यात दोघांनीच म्हैसमाळला जायचं ठरलं होतं. ऐनवेळी गाडीत शेजारचे नानासाहेब बसले, त्यांची बायको बसली आणि बायकोची बहीणही बसली. परतताना त्या बहिणीला गाडी लागली. सगळा घाट उतरेपर्यंत दीपमाला तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

म्हणून यंदा तिनं बेट शोधलं. गंगापूरकडं दिलेल्या मावसबहिणीनं सांगितलं होतं, धरणाचं पाणी मागं पसरतं तिथं मधोमध एक टेकाड उघडं राहतं. चार बाभळी अन् गवत. कारभारी नावाचा मासेमार सकाळी होडीनं सोडतो आणि संध्याकाळी आणतो. मोबाईलला तिथं रेंज नाही. हे शेवटचं ऐकल्यावर दीपमालानं पुढं काही विचारलंच नाही.

रविवारी सकाळी दोघं बेटावर उतरली. थंडीचं मऊ ऊन होतं, लांब पाण्यात पांढऱ्या पक्ष्यांची रांग उभी होती. दीपमालानं बाभळीखाली सतरंजी अंथरली, भाकरी, भरीत, ठेचा असा डबा बाजूला ठेवला आणि पाय लांब केले. सुदर्शननं खिशातून फोन काढून पाहिला, हलवला, परत ठेवला.

"बरंय की गं इथं," तो म्हणाला. "एकदम शांत."

"मग शांत बसा."

तो बसला. चांगला बसला होता. तेवढ्यात पाण्यावरून इंजिनाची फटफट ऐकू आली आणि कारभारीची होडी परत येताना दिसली. होडीत काळे चष्मे घातलेली दोन पोरं, छत्र्या, पेट्या, सूट घातलेला एक तरुण आणि गुलाबी झग्यात बुडालेली एक मुलगी.

"अहो दादा, तुम्ही तर म्हणाला होता इथं कुणी येत नाही!" दीपमाला काठावरूनच ओरडली.

"कुणी नाय येत ताई," कारभारी दोर ओढत म्हणाला. "लग्नाआधीचे फोटो काढणारे तेवढे येत्यात. आता बेट काय माझ्या नावावर हाय व्हय, नाय म्हणायला?"

नवऱ्या मुलाचं नाव माऊली, मुलीचं सोनिया. पुढच्या महिन्यात लग्न. ही सगळी माहिती दीपमालाला घटकाभरात मिळाली, कारण सुदर्शन सतरंजीवरून उठून त्यांच्या पेट्या उतरवायला गेला होता आणि तिथूनच तिला ओरडून सांगत होता.

"अहो, बसा ना."

"आलोच. जड आहे गं ते सामान."

तो आला नाही. डोक्यावर ड्रोन घोंगावायला लागला आणि पक्ष्यांची रांग उठून पलीकडच्या काठाला गेली. मग कॅमेरावाल्यानं हाक मारली, "काका, झग्याचा घोळ जरा धरता का? मी 'सोडा' म्हटलं की वर उडवायचा अन् पळत झाडामागं लपायचं. फोटोत यायचं नाही."

आणि पन्नाशीला टेकलेला सुदर्शन, गुडघा दुखतो म्हणून घरातलं सिलेंडर न उचलणारा सुदर्शन, गुलाबी कापड हवेत उडवून बाभळीमागं पळायला लागला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मध्येच दीपमालाकडं बघून हात हलवायचा. तिनं हात हलवला नाही. भरीत उघडलं, एक घास खाल्ला, परत झाकण लावलं. इथंही हेच करायचं होतं तर सोसायटी काय वाईट होती, असं तिच्या मनात आलं.

मग कॅमेरावाल्याला सोनिया होडीच्या टोकावर उभी हवी होती. ती नको नको म्हणत होती. माऊली म्हणाला, "काय नाय होत, उभी राहा." ती उभी राहिली, होडी हलली आणि ती झग्यासकट गुडघाभर चिखलात बसली. कॅमेरावाले हसले. माऊलीही हसला. सोनिया उठली, कुणाचाही हात न धरता काठावर आली आणि टेकाडाच्या पलीकडं पाठ फिरवून जाऊन बसली.

माऊलीनं दोन हाका मारल्या, तिनं मान वळवली नाही. दीपमालाला वाटलं, चला, मिटलं, जातील आता. तेवढ्यात तिला नवऱ्याचा आवाज ऐकू आला.

"काळजी करू नका. आमची मंडळी समजावेल तिला. तिला लई छान जमतं ते."

दीपमाला उठली. सुदर्शनकडं तिनं असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरला. पण पोरगी ओल्या कपड्यात बसली होती, म्हणून ती गेली. जाताना सतरंजी घेऊन गेली आणि तिच्या खांद्यावर टाकली.

"तुम्ही मला समजवायला आलात ना काकू?"

"मला पाठवलंय. समजवायचं का नाही ते मी अजून ठरवलं नाही."

सोनियानं डोळे पुसले. "मला पाण्याची भीती वाटते. हे मी त्याला कालही सांगितलं, आजही सांगितलं. पडले त्याचं काही नाही हो. पण तो त्यांच्याबरोबर हसला."

"दिसलं मला."

"काका किती चांगले आहेत. सकाळपासून पळतायत. कुणी काही सांगितलं की लगेच ऐकतात."

"सगळ्यांचं ऐकतात," दीपमाला म्हणाली. "फक्त माझं नाही."

हे तिच्या तोंडून जरा मोठ्यानंच निघालं. मागं सुदर्शन पाण्याची बाटली घेऊन आला होता, आणि त्याच्या मागं माऊली.

"मी काय केलं आता?" सुदर्शननं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि त्यानंच दीपमालाचं डोकं फिरलं.

"काय केलं? एक दिवस मागितला होता मी! जिथं माणूस नाही, फोन नाही, अशी जागा हुडकली, तर तुम्ही इथंही कामाला लागलात. वर मलाही जुंपलं! त्या परक्या पोरीचा झगा धरायला तुमचा गुडघा दुखत नाही. माझ्याजवळ बसायला तेवढा वेळ नाही. मी काय सामानाची राखण करायला आले होते?"

ड्रोनवाल्यानं ड्रोन खाली उतरवला. सुदर्शन बाटलीचं झाकण उघडत राहिला, लावत राहिला. माऊली खाली बघत होता. कॅमेरावाल्याला मात्र ऊन उतरायच्या आत फोटो उरकायचे होते.

"काका, आपण एक शेवटचा घेऊ. तेवढं सोनियाताईंना उठवा अन् घोळ धरा."

"नाही जमणार," सुदर्शन म्हणाला.

"आँ?"

"नाही जमणार म्हटलं ना. दुसरं कुणी बघा."

म्हणताना त्याचा आवाज चिरकला, कानही लाल झाले. पण म्हणाला. दीपमालाला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. एवढ्याशा शब्दाला इतकी वर्षं लागली, या विचारानं तिचा संताप उलट वाढला.

माऊली सोनियाजवळ गेला. "मी हसायला नको होतं," तो म्हणाला. "घरी जायचं का?"

"जायचं. पण होडीत माझा हात धरून बस. आणि बोलू नको."

कारभारीनं त्या दोघांना आधी नेलं, कारण सोनिया आता सामानानं भरलेल्या होडीत बसायला तयार नव्हती. म्हणजे कॅमेरावाले मागं राहिले. ते बाभळीखाली येऊन बसले आणि डब्याकडं बघायला लागले. सुदर्शननं बायकोकडं पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. शेवटी तिनंच भाकरी त्यांच्या हातावर ठेवली, कारण उपाशी पोरांसमोर तिलाही खाता येत नव्हतं. पोरांनी भरीत पुसून खाल्लं आणि ठेच्याची चव लई भारी आहे म्हणाले.

होडी त्यांना घेऊन गेली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. कारभारी परत येईपर्यंत आता बेटावर खरंच कुणी नव्हतं. सुदर्शन थोडा वेळ काठावर उभा राहिला, मग तिच्याजवळ आला.

"चुकलं माझं."

"हं."

"मग आता काय करायचं?"

"काही नाही करायचं."

"काही नाही म्हणजे काय करायचं?"

दीपमालानं कपाळावर हात मारला, चिखलाचे डाग पडलेली सतरंजी झटकली आणि त्याला शेजारी जागा करून दिली.