शेल्याच्या दुमडीतले आकडे

या, अशा जवळ सरकून बसा. मिरवणूक निघायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात आमच्या कुकुता गावच्या बेलेन शिवणकरणीची गोष्ट सांगून होईल. हेवा कुणाला सुटलाय? पण बेलेनने तो कुठे शिवून ठेवला होता, ते ऐकण्यासारखं आहे.

"काका, आज काय भाव?" बेलेनने विचारलं.

पुलाच्या तोंडाशी एवारिस्तोकाका नोटा बदलून द्यायला बसत. पलीकडे व्हेनेझुएला, तिथे बोलिवार. अलीकडे आपलं कोलंबिया, इथे पेसो. काकांनी पाटीवर खडूने आकडा काढला की रांगेत बसलेले बाकीचे नोटा बदलणारेही तोच उतरवून घेत.

"एका बोलिवारला सोळा पेसो. बदलायचेत?"

"माझ्याकडे कुठले बोलिवार! नुसतं विचारलं."

"दर डिसेंबरात नुसतंच विचारतेस, पोरी. धाकटीला सांग की चार नोटा द्यायला. तिची चंगळ आहे."

बेलेनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

धाकटी ओतिलिया पलीकडे सान आंतोनियोत दिलेली, नवरा ट्रकवाला. आठ डिसेंबरच्या सणाला ती गाडीतून यायची आणि चर्चमधल्या माउलीला नवा शेला द्यायची. पलीकडची एक साधी नोट इथे गड्डी व्हायची, तिला काय जड! कापड ओतिलियाचं, शिवण बेलेनची. काठावर सोनेरी दोऱ्याने नाव 'ओतिलिया', आणि तेही बेलेननेच भरायचं. मिरवणुकीत देणारी पुढे, शिवणारी गर्दीत. आई होती तोवर तीसुद्धा शेजारणींना सांगायची, "माझ्या ओतीने दिलाय हो!"

म्हणून बेलेन एक करायची. नाव भरून झालं की काठाच्या आत, दुमडीत, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने त्या दिवशीचा भाव टाचायची. पहिल्या वर्षी दहा. मग बारा. मग चौदा. आता सोळा. "माउली, ही भक्ती कितीला पडली ते तुला तरी कळू दे," असं म्हणून दोरा दाताने तोडायची.

त्या वर्षी मिरवणुकीत तिने मागणंही मागितलं. स्वतःसाठी काही नाही. "एवढा भाव पाड," इतकंच.

आणि फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी बोलिवार कोसळला. पुढच्या आठवड्यात काकांची पाटी दिवसातून तीन-तीनदा पुसली जाऊ लागली. बेलेनने पेरूच्या वड्या आणून गल्लीत वाटल्या.

"कसल्या गं या?" शेजारीण रोसाल्बाने विचारलं. "तुझं लग्न ठरलं की काय या वयात?"

"गप खा. तोंड गोड कर."

वड्या संपल्या आणि मजाही संपली. पलीकडून खरेदीला येणारी माणसं यायचीच थांबली. बाजारपेठेत दुकानांना एकामागून एक कुलपं लागली. पोरी चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेतात त्या दिवशीचे पांढरे झगे बेलेनकडून शिवून घेणाऱ्या बायका, त्याही पलीकडच्याच होत्या की! जूनपासून तिच्या यंत्रावर चादर पडली ती पडलीच.

डिसेंबरात ओतिलिया आली. गाडी नाही, पूल चालून. चपलांवर धूळ.

"ताई, यंदा कापड नाही जमलं गं. ट्रक विकला."

बेलेनला वाटलं होतं, हे ऐकून गार वाटेल. वाटलंही, खोटं कशाला सांगू. पण घोटभरच.

"बस," ती म्हणाली. "जुनाच उसवून उलटा शिवू. आतली बाजू नवीच असते."

पाद्रीबाबांनी त्यातला एक निवडायला पेटीतून चारही शेले काढून दिले. "काठाला हात लावू नकोस, तो मी उसवते," एवढं बजावून बेलेन गुळाचं पाणी उकळायला आत गेली. परत आली तर ओतिलियाने चारही काठ उसवून मांडीवर पसरलेले.

"दहा, बारा, चौदा, सोळा," ती बोटाने वाचत होती. पुलाजवळच्या बाईला ते आकडे कसले, हे सांगावं लागत नाही.

बेलेनने गुळाचं पाणी यंत्रावर ठेवलं.

"ताई, इतका राग?"

"राग नव्हे. हेवा." बेलेन खाली बसली. "राग असता तर टाके वाकडे पडले असते."

ओतिलियाने सोळाच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "आई माझ्याकडे राहायला यायची ना, तेव्हा सारखं 'बेलेनचा हात बघ, बेलेनचा टाका बघ.' मला साधं बटण लावता येत नाही. म्हटलं, नाव तरी त्या हाताने लिहून घेऊ."

"तुला असं सांगायची?"

"उठता बसता."

बाहेर कुणीतरी घंटा वाजवून पाहत होतं.

"आज काय भाव?" ओतिलियाने विचारलं.

"सात."

"सुई दे इकडे."

तिला दोनदा टोचली. कापडावर रक्ताचा ठिपका उमटला, तशी बेलेन ओरडली, "पाणी नको! तुझीच थुंकी लाव. ज्याचं रक्त त्याच्याच थुंकीने निघतं, एवढंही ठाऊक नाही?"

निघाला.

त्या सणाला शेल्याच्या काठावर कुणाचंच नाव नव्हतं. दोघी बहिणी मागे, गर्दीत चालल्या.

बेलेन जाऊन बरीच वर्षं झाली, ओतिलियाही आता पूल ओलांडत नाही. तो उलटा शिवलेला शेला मात्र आजच्या दिवशी अजून बाहेर काढतात. माउली दारावरून जाईल तेव्हा काठाला हात लावायला मिळाला, तर दुमडीत बोट फिरवून बघा. एक वाकडातिकडा सात लागेल. तो लागला की सुई धरता न येणाऱ्या त्या धाकटीची आठवण काढा.