मोरीवरून सोबत आलेलं

गाडीखाली पाच लिंबं होती, एक नारळ, पत्रावळीवर दहीभात, त्यावर सोललेलं उकडलेलं अंडं आणि एक पेटती पणती. मी गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून पाहिलं. पणतीच्या बरोबर वर गाडीच्या पोटाचा पत्रा आत गेला होता. लांबी वीतभर, खोली दोन बोटं. खळग्याच्या कडेला ओल होती.

आधी पणती विझवली.

"अगं, काय केलंस!" शालूमामी ओटीवरून ओरडली. "उतारा हाय तो!"

गाडी काळुराममामाची, विजेवर चालणारी. दिवा स्टेशनपलीकडच्या आमच्या आजोळी अशी ही पहिलीच. मंगळवारी शिळ रस्त्यावरच्या मोरीपाशी तिला खालून काहीतरी ठाणकन लागलं. मामा उतरून मागे गेला, तर कुठल्या तरी ट्रेलरचा तुटलेला कमानपाटा, जाड लोखंडी पट्टी, रस्त्यात पडलेला. गाडी नीट चालत होती, डॅशबोर्डवर लाल दिवा नव्हता. तो तसाच घरी आला. त्याच मोरीवर गेल्या वर्षी स्कूटरवरची एक मुलगी अपघातात गेली होती.

"लोखंड नव्हतं ते," मामी म्हणाली. "तिनं हात मारला. तवापासून गाडी बोलते. बंद असते, चावी कपाटात, आन आतून घुर्र करते. मग टक, टक. आन वास येतो. आला तुला?"

आला होता. गोडसर, थंड, नाकात मागे राहणारा. माझ्या अंगावर काटा आला, कारण तो ओळखीचा होता. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मी ज्या लॅबमध्ये काम करते, तिथे एका सॉल्व्हंटच्या ड्रमचं झाकण उघडलं की हाच वास येतो. बॅटरीच्या आत तेच भरलेलं असतं.

"सेंट मारून निघालेली ती," मामी हळूच म्हणाली. "पंचनाम्याला आमचे लोक होते. सांगत होते."

गाडी ओटीला लागून उभी होती आणि ओटीवर महिपत आजोबांचा पलंग. त्यांचे पाय दोन वर्षांपासून चालत नाहीत. दिवसरात्र तिथेच असतात.

"ती आलीय," आजोबा गाडीकडे बघत म्हणाले. "बसू दे. दमली आसंल."

मी मामाला म्हटलं, "गाडी आत्ताच्या आत्ता खाजणाकडे, मोकळ्या जागेत ढकलून ने."

"भगत बोललाय, अवसेपर्यंत हलवायची नाय. हलवली तर बाबाला सोबत घेऊन जाईल."

"मामा, खाली शेकडो सेल आहेत. पाट्याने एखादा चेपला असेल. तो आतल्या आत तापत राहतो, मग शेजारच्याला तापवतो. कधी लगेच पेटतं, कधी काही दिवसांनी."

"चार दिवस झाले की. पेटायची तर पेटली असती, सायंटिस्टबाई."

गाडीतून आवाज आला. टक. मग बराच वेळ काही नाही. मग दोनदा. आजोबांनी मान हलवली, कोणी काही विचारल्यासारखी.

"मामी," मी म्हटलं, "भगत पलंगाबद्दल काय बोलला?"

मामीने आठवून पाहिलं. "पलंगाचं काय नाय बोलला."

"मग पलंग हलवू. गाडीला हात लावत नाही."

मामाने माझ्याकडे पाहिलं, मग पलंगाची डोक्याकडची बाजू धरली. आजोबांनी शिव्या घातल्या. "मेल्यांनो, माझी जागा हाय ती! मना उचलून नेताय, आजून जीव हाय माझ्यात!" घरातून जाताना पलंग दाराच्या चौकटीत अडकला, तिरपा केला, निघाला. मागच्या अंगणात शेवग्याखाली ठेवला. मामी तंबाखूची चंची आणायला परत वळली. मी तिचा दंड धरला.

तेवढ्यात पुढून शिट्टी सुरू झाली. कुकरची असते तशी, पण थांबेना. उघड्या दारातून पलीकडचं दिसत होतं. गाडीच्या पोटाखालून पांढरा धूर निघाला. तो वर गेला नाही. जमिनीलगत आला, ओटीच्या पायऱ्या एकेक करून चढला आणि पलंगाच्या रिकाम्या जागेवर थांबला. मग सगळं एकदम पेटलं.

अग्निशमनवाल्यांनी दोन बंब रिकामे केले. आग विझली. संध्याकाळी गाडी आपोआप पुन्हा पेटली, पुन्हा विझवली. ओटीचे पत्रे वाकले होते, भिंत छपरापर्यंत काळी झाली होती. क्रेनवाला सोमवारी दुपारी येणार होता. तोवर कोणी जवळ जायचं नाही, असं सांगून ते गेले.

रविवार शांत गेला. आवाज नाही, वास नाही. आजोबांनी मात्र जेवण सोडलं. ओटीवर नेल्याशिवाय घास घेणार नाही म्हणाले.

सोमवारी सकाळी, ऊन यायच्या आधी, मी लॅबमधला लांबून तापमान मोजणारा थर्मामीटर घेऊन परत आले. मामा-मामी पलंगाच्या दोन बाजू धरून दारात उभे होते. पलंगावर आजोबा.

"ऋतिका," मामीने विचारलं, "गेली का गं ती? ठेवू बाबांना?"

मी दारातूनच मोजलं.

हवा सव्वीस अंश. ओटीची फरशी सत्तावीस. गाडीचा सांगाडा, मधोमध, एकाहत्तर.